नंदीची चाकं

१. किटच्या डब्यात विमान नसतं, हे मला डबा उघडल्यावर कळलं. मामाजींनी नागपूरहून आणलेल्या त्या डब्यावर ढगांतलं झोकदार विमान होतं. आत बाल्साच्या पातळ पट्ट्या, एक आराखडा आणि टिश्यू कागदाची घडी. मी भोकाड पसरलं. मामाजींनी निमूटपणे अर्धं ब्लेड माझ्या हातात ठेवलं.

२. हलकं करणं जड जातं. पंखाच्या सांगाड्यावर कागद चिकटवून पाण्याचा बारीक फवारा मारायचा. वाळताना तो आपोआप ताणला जातो. मी ओलं फडकंच फिरवलं. पंख पापडासारखे वळले. तोलही चुकला. तो पंखाच्या पुढच्या कडेपासून साधारण एक तृतीयांशावर यायला हवा. माझं विमान शेपटीवर बसायचं. म्हणून नाकाला कणकेचा गोळा लावला. उडालं की! शेजारच्या कौलांवर उतरलं, आणि मी शिडी आणेपर्यंत कावळ्याने कणीक नेली. विमान त्याला नको होतं.

३. जवळचं दिसत नाही म्हणतात, ते माझ्याबाबत खरंच आहे. आमच्या कोहमाऱ्याच्या चौकात ट्रकांची घरघर. गाडी पाहायची तर सौंदडला जायचं. तिथे गोंदिया-चांदा फोर्टची ‘छोटी लाईन’, रुळांत जेमतेम अडीच फूट अंतर. तिच्यात बसून मी फक्त कंटाळलो. नव्वदच्या दशकात लाईन मोठी झाली तेव्हा तर मी खूश होतो, गोंदिया लवकर येईल म्हणून. आणि आता त्याच छोट्या लाईनचं इंजिन सागाच्या तुकड्यांतून कोरतोय! बत्तिसाव्या हिश्शाने रुळांतलं अंतर २४ मिलिमीटर येतं. आठवणीतून केलेलं पहिलं इंजिन मालगाडीच्या इंजिनाएवढं दांडगं झालं. मग नागपूरला मोतीबागेतलं नॅरोगेज संग्रहालय गाठलं, खिशात मोजपट्टी घेऊन. नागपूर-नागभीडची छोटी गाडी २०१९पर्यंत धावत होती, तिच्यात बसायचं मात्र राहूनच गेलं.

४. सावरीचं लाकूड बाल्साच्या जागी चालेल, असं आमचा वाढई म्हणाला. नाही चाललं. पट्टी पातळ केली की तंतू सुटतात. त्याला सांगितलं नाही.

५. माझी पहिली रेल्वे चोरीच्या मालावर धावली. तिच्या किटमधली दोन चाकं हरवली, तेव्हा धाकट्या भावाच्या लाकडी नंदीची काढून लावली. इंजिन पुढून उंच, मागून बुटकं. मला फार ऐटदार वाटलं. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा! सगळी पोट्टी आपापले नंदी दोरीने ओढत निघाली, आणि हा गडी आपला नंदी काखेत धरून घरोघरी फिरला. बोजारा, म्हणजे घरोघरचा खाऊ, मात्र त्यालाच जास्त मिळाला, लोकांना कीव आली. मला त्यातला एक लाडूही दिला नाही. तो नंदी अजून माळ्यावर आहे, पुढचे दोन पाय टेकून. भाऊ पन्नाशीचा झाला तरी दर पोळ्याला चाकांचा विषय काढतोच. तुमच्याकडे मोडक्या नंदीची जुनी चाकं पडली असतील तर ठेवा माझ्यासाठी. दोन इंची हवीत.