फुगणारा आणि आकसणारा कोळसा

आपल्या पवनारात घरोघरी विळा आहे, पहार आहे, नांगराचा फाळ आहे. हे लोखंड दगडातून काढायला कोक लागतो. आणि कोक होतो दगडी कोळशापासून. तो कसा होतो, ते आज पाहू.

नागपूरहून रेल्वेने पूर्वेकडे गेले की भिलाई लागते. तिथला पोलादाचा कारखाना रशियाच्या मदतीने उभा राहिला. १९५९ साली तिथे लोखंड निघू लागले. तिथे कोकाच्या भट्ट्या आहेत. एकेक भट्टी म्हणजे विटांची उंच, लांब खोली. रुंदी मात्र जेमतेम हातभर. तीत कोळशाचा चुरा भरतात आणि दारे बंद करतात. आत हवा नाही. म्हणून कोळसा जळत नाही, नुसता तापतो. आम्ही शाळेत होतो तेव्हा मुलांना 'कोळसा जळतो' एवढेच सांगत असू. ते शिकवणे अर्धेच झाले!

पाणी १०० अंशांवर उकळते. उष्णता ३५० अंशांच्या वर गेली, की हा कोळसा मऊ पडू लागतो. तव्यावरची भाकर कशाने फुगते? आतल्या वाफेने. तसाच हा मऊ कोळसा आतल्या वायूने फुगतो. कणाला कण चिकटतात. ५०० अंशांच्या सुमारास तो घट्ट होतो. पुढे १००० अंशांपर्यंत तापवला, की उलट आकसतो. उन्हाळ्यात आपली काळी जमीन आकसून भेगाळते ना, तसेच.

हे आकसणे फार मोलाचे बरं का. त्यामुळे कोक भिंतीपासून थोडा सुटतो. मग यंत्राचा दांडा एका दारातून ढकलतो आणि लालभडक कोक दुसऱ्या दाराने बाहेर पडतो. नाही आकसला तर आतच अडकतो. मग माणसांना त्या धगीत उभे राहून तो मोकळा करावा लागतो. काही कोळसा तर असा जोराने फुगतो, की भिंतच रेटतो. भिंतीला तडे गेले म्हणजे वर्षानुवर्षे चालायची भट्टी निकामी होते. म्हणून जास्त फुगणारा, कमी फुगणारा, असे निरनिराळे कोळसे मोजून मिसळतात. आधी थोडासा तापवून पाहतात. बाया पापड लाटायच्या आधी एक भाजून बघतात, तसे समजा.

कोणी म्हणेल, आपला चंद्रपूर-बल्लारपूरचा कोळसा एवढा जवळ, तो का नाही घालत? तो तापवला तरी मऊ पडत नाही, चिकटत नाही. चुरा तो चुराच राहतो. तो चंद्रपूरच्या वीजकेंद्रात जाळतात. कोकाचा कोळसा झारखंडातल्या झरियाच्या खाणींत निघतो. पण तो देशाला पुरत नाही. म्हणून बराचसा ऑस्ट्रेलियातून जहाजाने येतो, विशाखापट्टणमसारख्या बंदरांत उतरतो आणि तिथून रेल्वेने भट्ट्यांपर्यंत जातो.