क्रॉसओव्हरची डबी दारात ठेवू देऊ नकोस

अगं, कंपोनंट स्पीकर घेतलेस ते छानच केलंस. पण खोक्यात वुफर आणि ट्विटरच्या जोडीला दोन काळ्या डब्या आल्यात ना, क्रॉसओव्हरच्या, त्यांच्याबद्दल तुझ्याशी जरा बोलायचंय. फिटिंगवाल्याला घाई असली की तो आधी त्याच बाजूला सारतो. ‘ताई, डबी नाही लावली तरी वाजतं,’ असं म्हणाला तर सरळ नाही म्हण. वाजतं हे खरं आहे, पण एके दिवशी आवाज वाढवलास की ट्विटर जातो.

का ते सांगते. अभंग लावलास तर पखवाजाचा घुमारा आणि टाळांची किणकिण एकाच वायरमधून येते. ट्विटरची कॉइल फार बारीक तारेची; खालचे स्वर तिला पेलत नाहीत, ती तापते आणि जळते. डबीतला कपॅसिटर हे खालचे स्वर ट्विटरपर्यंत पोचू देत नाही. शेजारचं तांब्याच्या तारेचं वेटोळं वरचे स्वर वुफरकडे जाताना अडवतं. साडेसहा इंची सेटमध्ये ही वाटणी बहुधा २५०० ते ४००० हर्ट्झच्या दरम्यान होते.

डबीवर स्क्रूच्या तीन जोड्या असतात: स्टीरिओ किंवा अँपकडून येणारी, वुफरला जाणारी आणि ट्विटरला जाणारी. शेवटच्या दोन एकमेकींच्या जागी लागल्या तर डबी असूनही ट्विटर जळणारच, म्हणून स्क्रूंशेजारी लिहिलेल्या अक्षरांवर तू स्वतः नजर टाक. बाहेरून घेतलेल्या बहुतेक स्टीरिओंत पुढच्या डाव्या स्पीकरची वायर पांढरी, उजव्याची राखाडी आणि काळी रेघ असलेली ती मायनस. गाडीबरोबर आलेल्या वायरींचे रंग मात्र वेगळे असतात, तिथे अंदाज नको. दारातल्या वुफरच्या दोन्ही वायरी स्टीरिओपासून सुट्या करायच्या आणि त्यांना दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर टेकवायचा. कोन बाहेर आला तर सेलच्या प्लसवर आहे ती वायर प्लस. ट्विटरवर हा प्रयोग करू देऊ नकोस. आणि स्पीकरची मायनस गाडीच्या बॉडीला अर्थ करायची नाही, कुणी कितीही सांगितलं तरी. आजच्या स्टीरिओत त्याने आतला अँप जाऊ शकतो.

एक गोष्ट दुकानात आधीच विचारून घे. पुष्कळ गाड्यांत वुफर आणि ट्विटर दोघांना एकच वायर फाटे फोडून दिलेली असते. तसं असेल तर नुसत्या जुन्या वायरीवर काम भागत नाही, कारण डबीपासून दोघांना वेगवेगळी जोडी लागते. ट्विटरसाठी १८ गेजची नवी वायर ओढायला सांग. वुफरसाठी नवी ओढायची झाली तर ती दार आणि बॉडीच्या मधल्या रबरी नळीतूनच जायला हवी, पत्र्याच्या कच्च्या कडेवरून नको. वायर कापण्यापेक्षा कपलर लावून घे, म्हणजे कंपनीची वायरिंग शाबूत राहील. काम सुरू होण्यापूर्वी बॅटरीची मायनस काढायला सांगायला विसरू नकोस.

आता जागेचं, आणि हे मी तुला कळकळीने सांगतेय. डबी दाराच्या आत ठेवणं सर्वांत सोपं, म्हणून तीच जागा सुचवली जाते. पण काचेच्या फटीतून पावसाचं पाणी दाराच्या पोकळीत उतरतं आणि खालच्या भोकांतून बाहेर जातं. दाराची रचनाच तशी आहे. आपल्याकडच्या चार महिन्यांच्या पावसात स्क्रू गंजतात, टोकांवर हिरवट थर चढतो आणि एक बाजू खरखरायला लागते. डबी डॅशबोर्डच्या खाली, पायांच्या बाजूच्या कोरड्या कप्प्यात घट्ट बसवून घे. अँप असेल तर त्याच्या शेजारीही चालते. नुसती लोंबकळत ठेवली तर खड्ड्यांनी जोड सैल होतात.

ट्विटर टोचत असेल तर डबीवरचा जंपर शून्यावरून उणे ३ डेसिबलवर न्यायला सांग. तो आपल्या कानाला सोसेल तसाच ठेवायचा. अँप असेल तर पुढच्या स्पीकरना ८० हर्ट्झच्या आसपास हाय पास लाव, वुफरला फुकटचे हेलकावे बसत नाहीत.

सगळं जोडून झालं की बॅलन्स मधोमध, फेडर पूर्ण पुढे, आणि आकाशवाणीवरच्या बातम्या लाव. निवेदकाचा आवाज डॅशबोर्डच्या मध्यातून आल्यासारखा वाटला पाहिजे. तो इकडेतिकडे पसरला आणि बेस पोकळ वाटला तर एका बाजूचे प्लस-मायनस उलटे आहेत, लगेच बदलून घे. डोअर पॅड लावण्याआधी काच पूर्ण खाली-वर करून वायर कुठे घासत नाही ना ते बघ, आणि मगच पैसे दे.