ताग : एक नाव, दोन पिके

बारावीच्या चाचणी परीक्षेत 'तागाची लागवड' यावर टीप लिहायची होती. मी शेतकऱ्याचा मुलगा. मोठ्या आत्मविश्वासाने लिहिले : 'ताग पेरतात आणि फुलोऱ्यावर आला की नांगरून जमिनीत गाडतात.' गुण मिळाला शून्य! त्या शून्यानेच मला या विषयाच्या अभ्यासाला लावले.

आपल्याकडे ज्याला ताग किंवा बोरू म्हणतात, ते शेंगवर्गीय पीक हिरवळीच्या खतासाठी घेतात. त्याच्या वाखाचे दोरही वळतात. परंतु गोणपाट ज्याचे होते तो ताग निराळ्या कुळातला. बंगालात त्याला 'पाट' म्हणतात. गंगा-ब्रह्मपुत्रेचा गाळ, उष्ण दमट हवा आणि भरपूर पाऊस त्याला मानवतो. मार्च ते मे या काळात पेरणी होते. सुमारे चार महिन्यांत झाड ८ ते १२ फूट वाढते आणि कापणीस येते.

खरे कष्ट पुढेच आहेत. ताटांच्या जुड्या बांधून तळ्यात किंवा संथ पाण्यात दोन-तीन आठवडे बुडवून ठेवतात. पाण्यातील सूक्ष्म जीवाणू साल व तंतू यांना चिकटवून ठेवणारा द्रव्यांश कुजवतात. लवकर काढले तर तंतू सुटत नाही. उशीर झाला तर तो दुबळा होतो. ती वेळ शेतकरी हाताने साल सोलून ओळखतो. मग कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून तंतू सोडवायचे, धुवायचे आणि बांबूवर वाळवायचे. उरलेल्या काड्या सरपणाला व कुंपणाला येतात.

कलकत्त्याजवळ रिश्रा येथे १८५५ साली तागाची पहिली गिरणी निघाली. पुढे हुगळीच्या दोन्ही काठांवर गिरण्यांची रांग लागली. १९४७ च्या फाळणीत मात्र गिरण्या भारतात राहिल्या आणि तागाची बहुतेक उत्तम जमीन पूर्व पाकिस्तानात गेली. गिरण्या चालू ठेवण्यासाठी पश्चिम बंगाल, आसाम व बिहारमध्ये लागवड वाढवावी लागली. तेथे ताग आणि भात एकाच जमिनीवर हक्क सांगतात. घरचे अन्न पिकवावे की हाती रोकड देणारा ताग, हा प्रश्न लहान शेतकऱ्यापुढे पेरणीच्या वेळी उभा राहतो.

त्यात प्लॅस्टिकच्या पोत्यांची स्पर्धा आली. म्हणून १९८७ साली ठराविक मालासाठी तागाचीच पोती वापरण्याचा कायदा झाला. प्लॅस्टिक स्वस्त खरे. पण फाटलेले गोणपाट मातीत मिसळून जाते, प्लॅस्टिक तसे मिसळत नाही.

आमच्या घरी धान्याची रिकामी पोती पायपुसणे होतात, कधी बैलाच्या पाठीवर झूल होतात. पूर्वी त्यांच्याकडे मी ढुंकूनही पाहत नसे. आता पोते झटकताना पाण्यात उभा असलेला तो दूरचा शेतकरी डोळ्यांपुढे येतो. शून्य गुणांची ती टीप आज पुन्हा लिहिली, तर मी त्याच्यापासूनच सुरुवात करीन.