पेठ सुटली म्हणून बसणं वाढलं का?

प्रश्न : लग्नानंतरची सगळी वर्षं नारायण पेठेत काढली. आता मुलाकडे बाणेरला टॉवरमध्ये राहायला आलो आहोत. मुलगा म्हणतो, "माणूस दिवसभर किती बसतो हे तो कुठल्या परिसरात राहतो त्यावर ठरतं, तसं संशोधनच आहे." मला हे पटत नाही. पेठेत आमचे हे सकाळ-संध्याकाळ ओट्यावर बसलेले असायचे. इथे तर सोसायटीत जॉगिंग ट्रॅक आहे, जिम आहे. मग इथे बसणं जास्त कसं होईल? (एक वाचक, पुणे)

उत्तर : तुमच्या घरातला हा वाद मिटवायचा तर दोन्ही पक्षांना थोडं थोडं दुखवावं लागेल. चिरंजीव म्हणतात तसं संशोधन खरंच आहे. पण ते म्हणतात तितकं सरळ नाही.

आधी जॉगिंग ट्रॅकचं पाहू. व्यायाम न करणं आणि खूप बसणं ही एकच गोष्ट, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात ही दोन वेगळी खाती आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांप्रमाणे प्रौढ माणसाने आठवड्याला निदान १५० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल करावी. म्हणजे रोजची वीस-बावीस मिनिटं. ट्रॅकवर त्यांची सोय छान होते. पण माणूस सोळा तास जागा असतो. उरलेले साडेपंधरा तास तो सोफ्यावर घालवतो, गाडीत की पायांवर, याच्याशी ट्रॅकला काही देणंघेणं नाही. सकाळी तासभर पळून दिवसभर खुर्चीत बसणारी माणसं तुमच्या टॉवरमध्येही भरपूर असतील.

बसण्याचा हिशेब वेगळा ठेवायचं कारण स्नायूंत आहे. मांड्या आणि पोटऱ्यांचे मोठे स्नायू चालताना रक्तातली साखर ओढून घेतात. बसलं की त्यांचं काम जवळजवळ थांबतं. याचा पहिला गाजलेला पुरावा लंडनच्या दुमजली बसमध्ये सापडला. जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ साली दाखवून दिलं की, दिवसभर बसून असलेल्या ड्रायव्हरांपेक्षा सतत जिना चढणाऱ्या-उतरणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होतो. या बसकडे आपल्याला पुन्हा यायचं आहे.

आता परिसर. पायी फिरण्याजोगा परिसर कोणता, हे ठरवताना संशोधक साधारण चार गोष्टी मोजतात : घरांची दाटी, रस्ते एकमेकांना किती ठिकाणी मिळतात, घरं-दुकानं-कचेऱ्या किती मिसळून आहेत आणि दुकानांनी किती जागा व्यापली आहे. या चारही विषयांत पेठ विशेष प्रावीण्यासह उत्तीर्ण होईल. खाली वाणी, कोपऱ्यावर डेअरी, पलीकडे देऊळ, मधून बोळ. (फुटपाथवर लावलेल्या स्कूटर या परीक्षेत मोजत नाहीत, म्हणून बरं.) नव्या वस्तीत मात्र मोठमोठे प्लॉट, भोवती कंपाउंडची भिंत आणि बाहेर पडायला एकच गेट. बाल्कनीतून दिसणाऱ्या दुकानात जायलाही अख्ख्या भिंतीला वळसा पडतो. मग माणूस गाडी काढतो, नाहीतर मोबाइलवरून सामान मागवतो. म्हणजे बसून जातो किंवा बसूनच राहतो.

अमेरिकेत अटलांटाच्या परिसरात लॉरेन्स फ्रँक आणि सहकाऱ्यांनी २००४ साली हा हिशेब मांडला. रोज गाडीत जाणाऱ्या प्रत्येक जादा तासामागे लठ्ठपणाची शक्यता सुमारे ६ टक्क्यांनी वाढलेली दिसली. रोज चाललेल्या प्रत्येक किलोमीटरमागे ती जवळपास ५ टक्क्यांनी कमी. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडमध्ये २००७ साली परिसर आणि टीव्ही यांची सांगड घालून पाहिली. चालण्यास गैरसोयीच्या वस्तीतल्या बायका टीव्हीसमोर जास्त वेळ बसत होत्या. पुरुषांमध्ये असा फरक आढळला नाही. नवरेमंडळींना कुठेही हलवलं तरी रिमोट त्यांच्याच हातात, असा अर्थ काढायचा मोह होईल. संशोधकांनी तो काढलेला नाही.

इथपर्यंत चिरंजीवांची बाजू भक्कम. पण बेल्जियममधल्या घेंट शहरात कमरेला यंत्र लावून लोकांची हालचाल मोजली, तेव्हा नेमकं उलटं निघालं. चालण्यास सोयीच्या वस्तीतली माणसं चालत जास्त होती आणि बसतही जास्त होती! यात थोडा दोष यंत्राचा असू शकतो. कमरेवरच्या यंत्राला हालचाल कळते, आसन कळत नाही; ओट्याशी पोळ्या लाटत उभी असलेली बाई त्याला बसलेलीच वाटू शकते. पण सगळं खापर यंत्रावर फोडता येत नाही.

कोडं सुटतं ते दिवसभरातल्या बसण्याचे भाग पाडले की. एक बसणं वाहनातलं, एक घरी पडद्यासमोरचं आणि एक कामाच्या खुर्चीतलं. वाहनातल्या बसण्यावर परिसराचा थेट ताबा असतो : दुकान, बँक, बसथांबा जवळ असेल तर ते कमी होतं. टीव्हीवर परिसराचा प्रभाव आडून पडतो. बाहेर जाण्यासारखं काही असेल तर माणूस उठतो. कामाच्या खुर्चीला मात्र तुमच्या गल्लीत फुटपाथ आहे की नाही याचं सोयरसुतक नसतं. शहराच्या सोयीस्कर भागात टेबलावर बसून काम करणारे पुष्कळ असले, तर त्या भागाची एकूण बेरीज फुगणारच. तेव्हा चिरंजीवांचं विधान, ते स्वतः संगणकासमोर नोकरी करत असतील तर, त्यांच्यापेक्षा तुम्हालाच जास्त लागू पडतं. त्यांचे बसण्याचे तास ऑफिस ठरवतं. तुमचे आणि यजमानांचे तास ठरवायला आता परिसर आणि टीव्ही एवढेच उरले आहेत.

आणखी एक मेख आहे. परिसर माणसाला बदलतो, की चालायची आवड असलेला माणूसच तसा परिसर निवडतो? इथे लंडनच्या बसकडे परत यावं लागतं. मॉरिस यांच्याच गटाने १९५६ साली बस कर्मचाऱ्यांच्या गणवेशांची मापं तपासली. तरुण वयापासूनच ड्रायव्हरांच्या विजारींची कंबर कंडक्टरांपेक्षा मोठी होती! म्हणजे सगळा दोष त्या खुर्चीचा नव्हता; तिथे जाऊन बसणारी माणसंच थोडी वेगळी होती. परिसराच्या अभ्यासांनाही हीच शंका चिकटलेली असते. त्यामुळे "संशोधनात संबंध दिसला" आणि "परिसरामुळे झालं" ही दोन वाक्यं एकच समजू नयेत. तुमच्यासारखी घर बदललेली माणसं अभ्यासकांना मोलाची वाटतात ती म्हणूनच : माणूस तोच, फक्त परिसर वेगळा.

राहता राहिला ओटा. यजमान त्यावर बसत हे खरं, पण किती वेळ सलग? पेठेतला ओटा म्हणजे उठाबशांचं ठिकाण. दूधवाल्याला पैसे द्या, ओळखीचं कुणी दिसलं की चार पावलं त्याच्याबरोबर जा, आतून हाक आली की उठा. ऑस्ट्रेलियातच २०१२ साली केलेल्या प्रयोगात, वजन जास्त असलेल्या माणसांनी दर वीस मिनिटांनी उठून फक्त दोन मिनिटं चालल्यावर, खाण्यानंतरची रक्तातली साखर सलग बसण्याच्या तुलनेत कमी वाढली. कसं बसतो, यालाही महत्त्व आहे. टांझानियातले हाद्झा हे शिकार आणि कंदमुळांवर जगणारे लोकही दिवसाचे जवळपास दहा तास बसून किंवा टेकून असतात, असं २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळलं. फरक इतकाच की त्यातला बराच वेळ ते उकिडवे किंवा गुडघ्यांवर असतात आणि त्या आसनांत पायांचे स्नायू कामावर राहतात. भाजी निवडायला पाटावर बसून दहादा उठणं आणि सोफ्यात रुतून मालिका पाहणं, दोन्हीला आपण बसणंच म्हणतो, पण शरीर म्हणत नाही.

दिवसाला किती तास बसलेलं चालेल, हा पुढचा प्रश्न तुम्ही विचारण्याआधीच सांगतो : आरोग्य संघटनेने असा आकडा दिलेला नाही, कमी बसा एवढंच म्हटलं आहे. दहा लाखांहून अधिक लोकांच्या माहितीचा २०१६ साली एकत्र अभ्यास झाला. त्यात रोज तास-सव्वा तास चांगलं चालणाऱ्यांमध्ये आठ तासांहून जास्त बसण्याचा जादा धोका दिसेनासा झाला. रोज पाच तासांहून जास्त टीव्ही पाहणाऱ्यांना मात्र एवढं चालूनही पूर्ण माफी मिळाली नाही.

तुमच्या बाबतीत जिमपेक्षा उपयोगी पडेल ती एक मामुली गोष्ट. सोसायटीच्या ज्या भिंतीपलीकडे बाजार असेल, तिच्यात पायी जाण्यापुरतं छोटं गेट काढता येतं का ते पाहा. हेलपाटा वाचला की पिशवी घेऊन दिवसातून दोनदा उतरणं आपोआप होतं. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत हा विषय मांडला की त्या गेटवरच्या वॉचमनचा पगार कोण देणार, असं कुणीतरी विचारणारच. त्याचं उत्तर चिरंजीवांनी द्यावं.