जुनी क्वाड घेताना आधी फिल्टरचा डबा उघडा

किनाऱ्यावर चाललेली जुनी क्वाड, म्हणजे पर्यटकांना फिरवणारी चारचाकी बाइक, घ्यायची असेल, तर इंजिन चालू करायच्या आधी सीट काढा आणि एअर फिल्टरचा डबा उघडा. रंग एका संध्याकाळी मारता येतो. धूर मारणाऱ्या इंजिनात जाड ऑइल ओतलं की तोही दोन-चार दिवस दबतो. फिल्टरच्या पलीकडे गेलेली वाळू मात्र कुणी पुसत नाही, कारण गिऱ्हाईक तिथपर्यंत बघतच नाही.

अलिबाग तालुक्यात माझं दुचाकीचं गॅरेज आहे. नागाव, काशीदच्या वाळूवर राइडच्या गाड्या वाढत गेल्या, तशा त्याही माझ्याकडे येऊ लागल्या. किनाऱ्यावरची क्वाड फार किलोमीटर चालत नाही. पण ती दिवसभर पहिल्या-दुसऱ्या गिअरवर, वजन घेऊन, ओल्या वाळूत रेटली जाते. वेग नाही म्हणजे इंजिनाला वारा नाही, आणि यातली बहुतेक छोटी इंजिनं वाऱ्यावरच थंड होणारी. म्हणून ‘फक्त एक सीझन चाललीय’ या वाक्याला मी काहीच किंमत देत नाही.

माझ्या भाच्याने दिवाळीच्या तोंडावर अशी एक क्वाड घेतली. प्लास्टिक नवं, स्टिकर नवे, टायरही नवे. तो बघायला पोचला तेव्हा गाडी आधीच चालू करून ठेवलेली होती. मला फोनवर म्हणाला, “मामा, एका सेल्फला उचलते.” गरम इंजिन एका सेल्फला उचलणारच. नाताळच्या गर्दीत दुपारी निळा धूर सुरू झाला, पिकअप गेला, आणि संध्याकाळी गाडी वाळूतच जाम झाली. टेम्पोत घालून माझ्याकडे आणली.

हेड आणि ब्लॉक काढला. पिस्टनच्या दोन्ही अंगांना उभे ओरखडे होते, नखाला लागतील इतके खोल. ब्लॉकच्या वरच्या कडेखाली, जिथे वरची रिंग येऊन थांबते तिथे, बोट फिरवलं तर पायरी लागत होती. नुसती रिंग बोअरमध्ये सरकवली, तर तिच्या दोन टोकांमधली फट गेज न लावताच दिसली. मग डब्यापासून कार्बोरेटरकडे जाणारा रबरी पाइप काढून आत बोट फिरवलं. बोटावर राखाडी, किरकिरीत थर आला. फोमचा फिल्टर कोरडा ठणठणीत होता, त्याची एक कड वाकलेली होती आणि दाबून धरणारी क्लिप गायब. म्हणजे हे काम भाच्याच्या हातात गाडी येण्याच्या खूप आधीपासून चाललं होतं.

फोमचा फिल्टर पेट्रोलमध्ये धुऊन कोरडाच बसवायची सवय मी अनेक ठिकाणी पाहिली आहे. हा फोम ऑइल लावलेला असला तरच बारीक वाळू धरतो, कोरडा असला तर ती सोडून देतो. आत गेलेली वाळू सिलिंडरमधल्या ऑइलच्या थरात मिसळली की व्हॉल्व्ह घासायच्या पेस्टसारखी बोअर खात बसते. म्हणून डबा उघडल्यावर फिल्टरच्या बाहेरच्या बाजूची घाण बघून घाबरू नका, ती तिथे असणारच. आतली बाजू बघा. रबरी पाइपात पांढरं फडकं फिरवा. त्यावर कण आले, तर इंजिनकामाचा खर्च किमतीतून वजा धरूनच पुढे बोला. डब्याच्या तळाशी पाण्याची रेघ किंवा वाळलेला चिखल दिसला, तर गाडी कधीतरी लाटेत किंवा ओढ्यात बुडालेली आहे असं समजा.

बघायला जाताना फोनवरच बजावा, “मी येईपर्यंत चालू करू नका.” पोचल्यावर पहिला हात इंजिनाच्या केसिंगवर आणि सायलेन्सरवर ठेवून बघा. गरम लागलं तर चहा पिऊन या, तासाभराने या, पण थंड इंजिनच चालू करून बघा. चालू होताना निळ्या धुराचा एक झोत येऊन थांबला, तर व्हॉल्व्हची सील गेलेली असतात. तो खर्च छोटा. रेस देताना निळा धूर येतच राहिला, तर रिंगा किंवा बोअर. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. कार्बोरेटर नाहीतर तुंबलेला फिल्टर. पोलारिससारख्या मोठ्या, रेडिएटरच्या गाडीतून गरम झाल्यावरही पांढरा, गोडसर वासाचा धूर आला, तर हेड गॅस्केटमधून कूलंट आत येतंय. अशा गाडीचा पंखा लागतो का तेही उभ्या गाडीवर तपासा, आणि मीटरमध्ये किलोमीटरपेक्षा तास बघा.

ऑइल बघायला कुणी हरकत घेत नाही, तरी बघणारे कमीच. दुधाळ, कॉफीसारखं ऑइल म्हणजे आत पाणी. पेट्रोलचा वास आला तर कार्बोरेटरची फ्लोट नीडल गळतेय आणि पातळ झालेल्या ऑइलवर इंजिन चाललंय. थोडं ऑइल पांढऱ्या कागदावर घेऊन उन्हात धरा. चमक दिसली तर कुठलं तरी बेअरिंग किंवा गिअर झिजतोय. आडव्या सिलिंडरच्या ११० सीसी चिनी इंजिनात एक लिटरपेक्षाही कमी ऑइल मावतं, आणि कागदी फिल्टरऐवजी बहुतेकांत जाळीच असते. एवढ्याशा ऑइलवर अख्खा सीझन काढलेल्या गाड्या मी उघडल्या आहेत. शेवटचं ऑइल कधी बदललं, हे विचारताना समोरच्याच्या तोंडाकडे बघा.

कॉम्प्रेशन गेज जवळच्या मिस्त्रीकडून मागून न्या. फार महागाचं हत्यार नाही. प्लग काढा, गेज बसवा, थ्रॉटल पूर्ण दाबून धरा आणि काटा चढायचा थांबेपर्यंत सेल्फ मारा. बॅटरी उतरलेली असेल तर आकडा खोटा कमी येतो, म्हणून चांगली बॅटरी जोडा. छोट्या चार-स्ट्रोक इंजिनाला साधारण १२० ते १७० पीएसआय मिळायला हवं. मॅन्युअलमधला आकडा हाताशी असेल तर तोच धरा, कारण काही इंजिनांत सुरू करताना दाब कमी करणारा डीकॉम्प्रेसर असतो आणि त्यांचा आकडा मुळातच कमी येतो. कमी आलाच, तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजा. काटा चढला तर रिंगा आणि बोअर, नाही चढला तर व्हॉल्व्ह. काढलेला प्लगही बघा: तांबूस असला तर ठीक, ऑइलने ओला असला तर ऑइल वर येतंय हे पक्कं. प्लगचे आटे अॅल्युमिनियमच्या हेडमध्ये असतात, ते सैल लागले तर तोही खर्च धरा.

आवाजाचं शिक्षण लिहून देता येत नाही. तरी हलकी टिकटिक टॅपेटची, सेट करून जाते. डाव्या-उजव्या अंगाने खळखळ आली तर टायमिंग चेन. खालून, पोटातून, रेस देताना जड ठोका आला, तर कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग गेलं. तिथे सौदा थांबवा.

‘ही सव्वाशेची आहे’ असं सांगून ११०ची गाडी विकणारेही भेटतात. चिनी इंजिनावर नंबराच्या आधी एक कोड कोरलेला असतो, उदाहरणार्थ १५२एफएमएच. पहिला एक म्हणजे एक सिलिंडर, बावन्न म्हणजे बोअर मिलिमीटरमध्ये. शेवटचं अक्षर एच असेल तर ११० सीसीच्या गटातलं इंजिन, आय असेल तर १२५, जे १५०, एल २०० आणि एम २५०. हा कोड लिहून घ्या. पुढे पिस्टन मागवताना दुकानदाराला गाडीच्या नावापेक्षा हाच उपयोगी पडतो. बहुतेक क्वाडला आरसी बुक नसतं, म्हणून इंजिन नंबर आणि चेसिस नंबर मूळ बिलाशी जुळवा. कोरलेला नंबर घासलेला दिसला तर गाडीला हातही लावू नका.

खरेदी कधी करायची, याबद्दल माझं मत ठाम आहे: मे महिन्यात. तेव्हा गाडी कामावर असते, आहे तशी दिसते. पावसाळ्यात राइड बंद असतात. खारट हवेत चार महिने उभ्या राहिलेल्या इंजिनात रिंगा चिकटतात, बोअरला गंज धरतो, आणि ऑक्टोबरात तुम्हाला दिसतो तो वरचा रंग. महिना कुठलाही असो, बेल्टवर चालणारी गाडी असेल तर बेल्टचं कव्हर उघडून बेल्ट बघा, आणि कुठलीही असली तरी रिव्हर्स टाकून चढावर न्या. भाच्याच्या गाडीला शेवटी नवा ब्लॉक-पिस्टन घालावा लागला, व्हॉल्व्ह घासावे लागले, आणि सीझनचे सगळ्यात चांगले दिवस ती माझ्या गॅरेजात उभी राहिली.

शेवटचं तपासणं पैशासाठी नाही. अंगठ्याचा थ्रॉटल दाबून सोडा. हँडल सरळ असताना, पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवलेलं असताना, तिन्ही वेळा तो टकन मागे आला पाहिजे. कार्बोरेटरच्या स्लाइडमध्ये किंवा केबलमध्ये वाळू गेली की तो उघडाच अडकतो, आणि वर बसलेलं दहा वर्षांचं पोर घाबरून आणखी घट्ट धरतं. किल स्विच, आणि असेल तर मागून ओढायची दोरी, इंजिन चालू असताना स्वतः दाबून-ओढून बघा. या दोन गोष्टी दुरुस्त होईपर्यंत त्या गाडीवर कुणाचंही मूल बसवू नका.