काय-वर्ग कसोटी आणि मोजणीचे एकक : साहित्याभ्यासकासाठी एक प्रास्ताविक

शैलीविचाराच्या प्रबंधांत शब्दांच्या वारंवारतेची कोष्टके देण्याचा प्रघात आता रूढ झाला आहे. एका कवीने अमुक शब्द इतक्या वेळा योजला, दुसऱ्याने तितक्या वेळा. सबब दोघांची शैली भिन्न, असा निष्कर्ष कोष्टकाखाली येतो. परंतु दोन संख्यांत फरक आहे एवढ्यावरून तो फरक अर्थपूर्ण ठरत नाही. एकाच कवीच्या दोन संग्रहांत, किंबहुना एकाच संग्रहाच्या दोन अर्धांतही, असा फरक सापडेल. तो केवळ योगायोगाचा आहे की त्यामागे काही कारण असावे, हे तपासण्याचे एक साधे साधन म्हणजे काय-वर्ग कसोटी. तिचा गणिती भाग शालेय अंकगणिताच्या पलीकडे जात नाही. अवघड आहे तो त्याच्या आधीचा भाग, म्हणजे काय मोजावयाचे हे ठरविणे. तो भाग संख्याशास्त्रज्ञाचा नसून आपला आहे, एवढेच प्रस्तुत लेखात मांडावयाचे आहे.

'काय' हे नाव मराठी कानाला प्रश्नार्थक वाटते. वस्तुतः ते ग्रीक वर्णमालेतील एका अक्षराचे नाव आहे. कार्ल पिअर्सन या इंग्रज संख्याशास्त्रज्ञाने १९०० साली ही कसोटी मांडली. निरीक्षणात आलेल्या संख्या आणि एखादे गृहीत खरे असते तर अपेक्षित असलेल्या संख्या यांतील अंतर एका आकड्यात व्यक्त करावयाचे, ही तिच्यामागील मूळ कल्पना. या गृहीतास शून्य परिकल्पना म्हणतात. आपल्या संदर्भात तिचे रूप साधारणतः असे असते : 'लेखक कोण आहे याचा या शब्दाच्या वापराशी काही संबंध नाही.'

उदाहरण कर्तृत्वविवादातील प्रसिद्ध प्रकरणाचे घेऊ. अमेरिकेच्या संविधानाच्या समर्थनार्थ १७८७-८८ मध्ये 'पब्लिअस' या टोपणनावाने 'फेडरलिस्ट' म्हणून ओळखले जाणारे ८५ लेख प्रसिद्ध झाले. अलेक्झांडर हॅमिल्टन, जेम्स मॅडिसन आणि जॉन जे हे त्यांचे लेखक. १८०४ मध्ये द्वंद्वयुद्धात मरण येण्यापूर्वी हॅमिल्टनने ठेवलेली यादी आणि पुढे १८१८ मध्ये मॅडिसनच्या बाजूने पुढे आलेली यादी यांचा मेळ बसेना. बारा लेख वादग्रस्त राहिले. फ्रेडरिक मॉस्टेलर आणि डेव्हिड वॉलेस यांनी या प्रश्नावरील आपला ग्रंथ १९६४ मध्ये प्रसिद्ध केला. आशयसूचक शब्द विषयानुसार बदलतात म्हणून ते त्यांनी सहसा बाजूला ठेवले आणि लेखकाच्या हातून नकळत पडणारे छोटे व्याकरणिक शब्द मोजले. त्यांपैकी एक 'अपॉन', म्हणजे 'वर' या अर्थाचे शब्दयोगी अव्यय. कर्तृत्वाविषयी वाद नसलेले हॅमिल्टनचे ४८ आणि मॅडिसनचे, त्याचे इतर लेखन धरून, ५० लेख त्यांनी तपासले. त्यावरून अशी द्विमार्गी सारणी तयार होते :

हॅमिल्टन : शब्द आलेले लेख ४८, न आलेले ०, एकूण ४८
मॅडिसन : शब्द आलेले लेख ९, न आलेले ४१, एकूण ५०
एकूण : आलेले ५७, न आलेले ४१, सर्व मिळून ९८

आता शून्य परिकल्पना क्षणभर खरी मानू. लेखकाचा या शब्दाशी संबंध नसेल, तर ९८ पैकी ५७ हे प्रमाण दोघांनाही सारखेच लागू व्हावे. म्हणून हॅमिल्टनच्या 'शब्द आलेल्या' लेखांची अपेक्षित संख्या ४८ गुणिले ५७ भागिले ९८, म्हणजे २७.९२. याच रीतीने उरलेल्या तीन घरांत २०.०८, २९.०८ आणि २०.९२ या संख्या येतात. लेख पूर्णांकातच असतात, मग २७.९२ लेख कसे, असा प्रश्न विद्यार्थी विचारतात. अपेक्षित संख्या ही सरासरीच्या जातीची असल्याने तिने पूर्णांक असण्याची गरज नाही. प्रत्येक घरात निरीक्षित संख्येतून अपेक्षित संख्या वजा करावी, वजाबाकीचा वर्ग करावा, त्याला त्याच घरातील अपेक्षित संख्येने भागावे आणि चारही भागाकारांची बेरीज करावी. वर्ग केल्याने उणे-अधिक चिन्हे परस्परांना छेदत नाहीत. भागल्याने प्रत्येक अंतराला त्याच्या घराच्या मानाने वजन मिळते. येथे ही बेरीज सुमारे ६७.७ येते.

ही संख्या मोठी की लहान, हे स्वाधीनता मात्रेवर अवलंबून असते. वरील सारणीच्या कडेच्या बेरजा कायम ठेवून एका घरात ४८ लिहिले की उरलेली तिन्ही घरे आपोआप भरतात. आपल्या इच्छेने भरता येणारे घर एकच उरते. म्हणून येथे स्वाधीनता मात्रा १. खुद्द पिअर्सनने अशा चार घरांच्या सारणीसाठी ती ३ धरली होती. रोनाल्ड फिशरने १९२२ मध्ये ती १ असल्याचे दाखवून दिले. फरक किरकोळ नाही. पाच टक्के सार्थकता स्तरावर स्वाधीनता मात्रा १ असता मर्यादा ३.८४ असते, ३ असता ७.८१. ३.८४ चा अर्थ एवढाच : संबंध मुळीच नसता तर याहून मोठी बेरीज शंभरात सुमारे पाच वेळाच आली असती. ६७.७ या संख्येपुढे शून्य परिकल्पना टिकत नाही. वादग्रस्त बारा लेखांपैकी अकरांत हा शब्द आढळत नाही. मॉस्टेलर-वॉलेस यांचा कौलही मॅडिसनच्या बाजूने गेला. मात्र तो एका शब्दावर आणि या कसोटीवर दिलेला नाही, हे येथे नोंदवावयास हवे.

एका घरात शून्य आहे, मग कसोटी चालते का? चालते. अपेक्षित संख्या फार लहान नसाव्यात, चार घरांच्या सारणीत त्या सर्वसाधारणपणे पाचाहून कमी नसाव्यात, असा संकेत आहे. निरीक्षित संख्या शून्य असली तरी बाध येत नाही. अपेक्षित संख्याच लहान असतील तर फिशरची अचूक कसोटी वापरावी.

दुसरी खबरदारी अधिक महत्त्वाची. सारणीत प्रत्यक्ष मोजलेल्या संख्या घालावयाच्या असतात, टक्केवारी नव्हे. केवळ समजण्यासाठी एक कल्पित उदाहरण : दोन कवींच्या प्रत्येकी २० कविता घेतल्या, एकाच्या १२ कवितांत एक विशेष आढळला, दुसऱ्याच्या ८ कवितांत. काय-वर्ग १.६ येतो, फरक योगायोगाचा असू शकतो. तेच ६० टक्के आणि ४० टक्के असे लिहून टक्केवारीलाच संख्या मानले, तर काय-वर्ग ८ येतो आणि फरक सार्थ ठरतो. कवितांत काहीच बदललेले नाही. अभ्यासकाने न वाचलेल्या १६० कविता सारणीत शिरल्या आहेत.

आता मोजणीच्या एककाकडे वळू. वरील सारणीत एकक होते एक लेख. एखाद्या लेखात 'अपॉन' एकदा येवो की वीसदा, तो लेख एकदाच मोजला. प्रत्येक शब्द हे स्वतंत्र एकक मानून सारणी केली असती तर संख्या हजारांत गेल्या असत्या आणि काय-वर्ग प्रचंड वाढला असता. परंतु प्रत्येक नोंद दुसऱ्या नोंदीपासून स्वतंत्र असावी, ही या कसोटीची मूळ अट आहे, आणि लेखनात शब्द स्वतंत्रपणे येत नाहीत; ते थव्याने येतात. मॉस्टेलर-वॉलेस यांना हे जाणवले होते. म्हणूनच सुट्या, विरळ घटनांसाठी वापरले जाणारे प्वासाँ वितरण अपुरे पडते असे पाहून त्यांनी ऋण द्विपद वितरणाचा आधार घेतला.

मराठीत ही अडचण अधिक बिकट होते. 'ज्ञानेश्वरी'त 'जैसें' आले की पाठोपाठ 'तैसें' येण्याची शक्यता मोठी. उपमेची घडणच तशी आहे. दोन्ही शब्द वेगवेगळे पुरावे म्हणून मोजणे म्हणजे एकाच साक्षीदाराची साक्ष दोनदा नोंदविणे होय. अभंगाच्या ध्रुपदातील शब्द गायनात परत परत येतो. छापील गाथेत तो एकदाच असेल किंवा प्रत्येक चरणाखाली असेल, ते संपादकाच्या पद्धतीवर अवलंबून. शब्दयोगी अव्यय नामाला जोडून लिहिले जात असल्याने 'एक शब्द' म्हणजे काय, याचाही निर्णय आधी करावा लागतो. आणि 'म्हणौनि', 'म्हणोनि', 'म्हणऊनि' हे भेद लेखकाचे की लेखनिकाचे? एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, 'ज्ञानेश्वरी'चे पाठ शुद्ध केले. राजवाडे यांनी १९०९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रतीतील भाषेचे रूप वेगळे आहे. अशी रूपे मोजून काढलेला काय-वर्ग कदाचित दोन नकलाकारांतील फरक अचूक दाखवील, आणि आपण तो दोन कवींच्या नावे जमा करू.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस 'भारद्वाज' या नावाने लिहिणाऱ्या शिवराम एकनाथ भारदे यांनी 'ज्ञानेश्वरी'चे कर्ते ज्ञानदेव आणि अभंगांचे कर्ते ज्ञानदेव भिन्न असल्याचे 'सुधारक'मधून मांडले. अभंगांच्या भाषेचे अर्वाचीनत्व हा त्यांच्या युक्तिवादाचा एक भाग होता. आज एखाद्या विद्यार्थ्याने हा प्रश्न संख्येने तपासावयास घेतला तर त्याला सार्थ काय-वर्ग मिळेल, यात मला शंका वाटत नाही; परंतु तो कशाचा असेल? एका बाजूस गीतेवरील निरूपण, दुसऱ्या बाजूस गेय आत्मनिवेदन. एका बाजूस ओवी, दुसऱ्या बाजूस अभंग. एकीकडे ग्रंथपरंपरेने, दुसरीकडे मोठ्या अंशी मौखिक परंपरेने जपलेली संहिता. यांपैकी कोणत्याही कारणाने फरक पडू शकतो. 'संबंध आहे' एवढेच कसोटी सांगते, कोणत्या कारणाने हे सांगत नाही.

म्हणून अशा अभ्यासात निदान तीन सारण्या कराव्यात. पहिली, 'ज्ञानेश्वरी'च्याच दोन भागांची, उदाहरणार्थ आरंभीच्या आणि अखेरच्या अध्यायांची. एकाच कर्त्याच्या एकाच ग्रंथात फरक किती पडतो हे तीवरून कळेल. दुसरी, ज्याच्या ओवीबद्ध ग्रंथाविषयी आणि अभंगांविषयी गंभीर वाद नाही अशा एका कवीच्या दोन्ही प्रकारच्या रचनांची. यासाठी एकनाथ सोयीचे ठरतील. त्यानंतरच तिसरी, वादविषयाची. तिन्ही ठिकाणी एकक एकच ठेवावे. ओवी आणि अभंग यांची लांबी सारखी नसल्याने ओव्यांचेही अभंगाएवढ्या लांबीचे गट पाडावेत. कोणते शब्द मोजणार हे मोजणीपूर्वी लिहून ठेवावे, कारण वीस शब्द तपासले तर पाच टक्के स्तरावर एखादा केवळ योगायोगाने सार्थ ठरणे अपेक्षितच असते. आणि प्रबंधात कोष्टकाखाली काय-वर्गाच्या संख्येबरोबर स्वाधीनता मात्रा, एकूण नोंदी, आणि संहितेची कोणती प्रत वापरली हेही द्यावे.