निगेटिव्ह आधी बघा

डिस्पोजेबल कॅमेऱ्याचा रोल धुवून आला की आपण फोनवर आलेले स्कॅन बघतो, काळपट आणि खरखरीत चेहरे पाहून हिरमुसतो आणि कॅमेराच भिकार होता असं ठरवून टाकतो. पण स्कॅनवरून दोष नीट कळत नाही, तो निगेटिव्हवर दिसतो. म्हणून रोल देतानाच लॅबला सांगून ठेवा, निगेटिव्ह परत हवी.

पट्टी खिडकीच्या उजेडासमोर धरा. कडेला फिल्मचं नाव आणि आकडे नीट उमटलेत, पण चौकटी जवळजवळ कोऱ्या, नुसत्या नारिंगी आहेत? मग फिल्मला प्रकाश कमी पडला. कडेचे आकडेही नसतील तर गडबड धुलाईत आहे, लॅबला जाब विचारा. चौकटींसकट कडाही काळ्याकुट्ट असतील तर कॅमेऱ्यात उजेड शिरला. आणि चौकट तपशिलांनी भरलेली असूनही फोटो फिका किंवा हिरवट असेल, तर स्कॅन पुन्हा करून मागा.

अनेकांच्या हाती कोऱ्या चौकटी येतात, आणि त्याचं कारण कॅमेऱ्याच्या रचनेत आहे. कोडॅक फनसेव्हरमध्ये ८०० आयएसओची फिल्म असते, फुजीच्या क्विकस्नॅपमध्ये ४००ची. भिंगाचं छिद्र एफ/१० च्या आसपास, शटर साधारण १/१०० सेकंद, आणि दोन्ही कायमचे ठरलेले. उन्हात हे झकास चालतं, झाडाच्या सावलीतही निभतं. घरातल्या ट्यूबलाइटखाली मात्र प्रकाश कित्येक पटींनी कमी पडतो. ही फिल्म जादा प्रकाश बराच सोसते, कमी प्रकाश फारसा सोसत नाही. तेव्हा घरात, संध्याकाळी, दाट ढगांत फ्लॅश लावायचाच. पाठीमागे ऊन असलेल्या माणसाचा चेहराही त्यानं उजळतो. प्रत्येक फोटोआधी फ्लॅश तयार झाल्याचा दिवा लागेपर्यंत थांबा. घाईत अर्धाच फ्लॅश पडतो. त्याचा टप्पा साधारण एक ते तीन मीटर. कार्यालयाच्या शेवटच्या रांगेतून स्टेजवरच्या नवरानवरीवर मारलेला फ्लॅश पुढच्या रांगेतल्या डोक्यांनाच उजळवतो.

फोटो धूसर असेल तर काय धूसर आहे ते बघा. सगळंच एका दिशेला ओढल्यासारखं असेल तर हात हलला. मागची भिंत स्पष्ट आणि चेहरा पुसट असेल तर तुम्ही एक मीटरच्या आत शिरलात. या भिंगाला फोकस हलवता येत नाही. सगळ्यावर दुधाळ पडदा असेल तर भिंगावर बोटांचे ठसे होते. कोपऱ्यातला गोळा म्हणजे बोट. जवळच्या फोटोत डोकं कापलं जातं, कारण आपण बघतो ती खिडकी भिंगाच्या वर असते.

अख्खा रोलच राखाडी, रंग विटलेले असतील, तर मुदत उलटलेली फिल्म, उन्हात तापलेली गाडी किंवा विमानतळावरचं स्कॅनर यांवर संशय घ्या. चेक-इन बॅगेत कॅमेरा कधीच ठेवू नका. हातातल्या सामानात ठेवून हातानं तपासायची विनंती करा.

कॅमेरा अडकला तर घरी उघडू नका. फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये सुमारे ३०० व्होल्ट साठलेले असतात आणि झटका जबर बसतो. फनसेव्हर आणि क्विकस्नॅप या दोन्ही कॅमेऱ्यांत काढलेला प्रत्येक फोटो डबीत परत गुंडाळला जातो, त्यामुळे तसाच लॅबमध्ये नेला तरी झालेले फोटो वाचतात.

रात्रीच्या वेळी माणूस तीन मीटरच्या पलीकडे असेल, तर सरळ फोन काढा.